‘दो आँखें बारह हाथ’ : पुरस्कार आणि श्रेय

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट १९५७ साली प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटांना मिळालेल्या मानसन्मानांचा विषय निघाला की त्याचे नाव हमखास घेतले जाते. त्याला कोणते पुरस्कार मिळाले, ते कोणी दिले आणि श्रेयाच्या यादीत कोण मागे राहिले, याचा थोडक्यात परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम कथानक पाहू. आदिनाथ नावाचा तरुण जेलर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर एका ओसाड माळरानावर नेतो. तेथे भिंती नाहीत. पहारा असतो तो त्याच्या दोन डोळ्यांचा. कैद्यांचे बारा हात माळ फोडतात, भाजीपाला पिकवतात आणि बाजारात वाजवी भावाने विकतात. त्यामुळे ज्यांच्या नफ्याला धक्का बसतो ते व्यापारी उलटतात. शेताच्या रक्षणासाठी मस्तवाल बैलाशी झुंजताना आदिनाथ प्राण गमावतो. ही भूमिका स्वतः शांतारामांनी केली आणि बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली.

आता पुरस्कारांकडे वळू. १९५७ सालासाठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. हे सुवर्णपदक देण्यास १९५४ मध्ये प्रारंभ झाला होता आणि त्याचा पहिला मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाकडे गेला होता. पुढे १९५८ च्या बर्लिन महोत्सवात ‘दो आँखें बारह हाथ’ला परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक म्हणून रौप्य अस्वल मिळाले. त्या वर्षीचे सुवर्ण अस्वल स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांच्या चित्रपटाने पटकावले, यावरून स्पर्धा किती तोलामोलाची होती हे ध्यानात येईल. त्याच महोत्सवात कॅथलिक चित्रपट संघटनेनेही या चित्रपटाचा गौरव केला. १९५९ मध्ये अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या समारंभात परदेशी चित्रपटासाठी असलेले सॅम्युएल गोल्डविन पारितोषिक त्याला लाभले.

याच वर्षीचा दुसरा गाजलेला चित्रपट म्हणजे मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि ऑस्करसाठी नामांकनही मिळाले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मात्र शांतारामांकडे गेले. मग श्रेष्ठ कोणता? मला वाटते, हा प्रश्नच गैरलागू आहे. पुरस्कार हा तराजूचा काटा नव्हे. तो देणाऱ्याची दृष्टी त्यात असते. नवस्वतंत्र देशाच्या सरकारला या कथेत गांधीविचार दिसला असेल, धर्मसंस्थेला पापी माणसाचा उद्धार दिसला असेल. चित्रपट एकच, पण पाहणारे निराळे.

आता श्रेयाचा प्रश्न. ही कथा ग. दि. माडगूळकर यांची. त्या काळी राष्ट्रीय पुरस्कार चित्रपटाला दिले जात. कलावंत व तंत्रज्ञ यांना स्वतंत्र पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून मिळू लागले. साहजिकच सुवर्णपदकाची आठवण निघते तेव्हा शांतारामांचे नाव पुढे येते आणि कथाकार मागे राहतो.

कथेच्याही मागे एक खरा प्रयोग आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. कैद्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि विश्वासाला जागावे, ही त्यामागील कल्पना. माडगूळकरांचा जन्म याच परिसरातील शेटफळे गावचा. ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले नव्हते. परंतु आपल्या मुलुखात काय घडते आहे हे पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होती. आटपाडीच्या माळावरची ती गोष्ट बर्लिनपर्यंत पोहोचली, ती या नजरेमुळे.

आमच्या धामणगाव बढेसारख्या गावातून कॉलेजात येणाऱ्या, घरात प्रथमच पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ही बाब महत्त्वाची वाटावी. लिहिण्याजोगे जे काही असते ते पुण्या-मुंबईतच असते, असा आपला ग्रह असतो. आपल्या बापाने पिकवलेल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवावा, हे आपण दर आठवडी बाजारी पाहतो. शांतारामांच्या चित्रपटातील संघर्षही नेमका तेथेच पेटतो. मग आपल्या भोवतालचे आपण का लिहू नये?

चित्रपटाचे पुरस्कार इतिहासात जमा झाले. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र आजही चालू आहे. माणसावर विश्वास टाकला तर तो बदलू शकतो, हे ती रोज सिद्ध करते. कोणत्याही पदकापेक्षा ही पावती मला मोठी वाटते.