पुतळ्याच्या पोटातला पेन ड्राइव्ह



थ्रीडी प्रिंटरने तयार केलेला पुतळा मुलांना दाखवला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "हे तर मशीनने केलंय, मग यात कलाकाराने काय केलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. "बघा तंत्रज्ञानाची कमाल!" एवढ्या उत्तराने मुलांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. शिल्पकलेत यंत्र काल-परवा आलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातले शिल्पकार मातीत आकृती घडवायचे, तिची प्लास्टरमध्ये प्रत काढायचे आणि ती संगमरवरात उतरवायचं काम बऱ्याचदा कारागिरांकडे सोपवायचे. हे कारागीर पॉइंटिंग मशीन वापरत. नाव मशीन, पण त्याला ना वीज ना मोटर. एक चौकट आणि तिच्यावर सरकणारी सुई. प्लास्टरवर सुई जिथे टेकते ती खोली पक्की करायची आणि दगड तेवढाच आत कोरायचा. असे शेकडो बिंदू. रोदँच्या संगमरवरी शिल्पांचं बरंचसं कोरीवकाम असं दुसऱ्यांच्या हातून झालंय, तरी ती शिल्पं रोदँचीच मानली जातात.

आजचा लेझर स्कॅनर हेच करतो, फक्त बिंदू कोट्यवधी असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने १९९८-९९ मध्ये इटलीत जाऊन मायकेलअँजेलोचा डेव्हिड स्कॅन केला. पाव मिलिमीटर इतका बारीक तपशील त्यांनी टिपला. छिन्नीच्या खुणासुद्धा! पण ही झाली मोजणी. मोजणी म्हणजे कला नव्हे, हे मुलांना इथेच समजावून द्यावं.

मग कलाकार कुठे असतो? इटलीतल्याच क्वायोला या कलाकाराचं काम बघा. फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचे चार अपूर्ण 'कैदी' आहेत, दगडातून सुटायची धडपड करणारी शरीरं. क्वायोला आपल्या 'कॅप्टिव्ह्ज' मालिकेत कारखान्यात असतो तसा रोबोटचा हात लावून ठोकळ्यातून अशाच आकृत्या कोरतो. कुठे नितळ खांदा, तर कुठे नुसते भूमितीचे कोन. रोबोट काही थकत नाही, त्याला सांगितलं तर तो पूर्ण शरीर कोरेल. त्याला कुठे थांबवायचं हे क्वायोला ठरवतो. मला ही शिल्पं आवडतात, पण वर्गात शिकवायला दुसरं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये इसिसने एक व्हिडिओ प्रसारित केला. इराकमधल्या मोसुलच्या संग्रहालयात माणसं घण घालून पुतळे फोडत होती. हत्रा या प्राचीन नगरीतल्या राजांचे पुतळे त्यात होते. इराणमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या मोरेहशिन अल्लाहयारी या कलावतीने नष्ट झालेल्या वस्तूंपैकी १२ निवडल्या आणि त्या संगणकावर पुन्हा घडवायला घेतल्या.

आता गंमत बघा, म्हणजे खरं तर अडचण. फुटलेला पुतळा स्कॅन कसा करणार? स्कॅनरला समोर वस्तू लागते. काहींचे फोटोही फार थोडे होते. मग तिने इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ, संग्रहालयांशी संबंधित मंडळी यांच्याशी संपर्क साधून मिळेल ती माहिती गोळा केली. प्रिंटरने केलेलं काम यातलं सगळ्यात सोपं!

तिने प्रतिकृती दगडासारख्या रंगवल्या नाहीत. त्या पारदर्शक आहेत, आणि आत पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड दिसतं. त्या वस्तूबद्दल जमवलेले फोटो, नकाशे, कागदपत्रं, व्हिडिओ त्यात साठवलेले. म्हणजे मूर्ती पाहणाऱ्याला फसवत नाही. "मी ती नाही, तिची आठवण आहे," असं ती उघड सांगते. हा निर्णय यंत्राचा नव्हता.

पुढे २०१६ मध्ये हत्राचा राजा उथल याच्या पुतळ्याची फाइल तिने सगळ्यांसाठी खुली केली. कोणीही उतरवून घ्यावी, छापावी. डेव्हिडचा स्कॅन मात्र करारानुसार परवानगी घेऊनच अभ्यासकांना मिळतो. एखाद्या देशाचा वारसा दुसऱ्यांनी स्कॅन केला तर फाइल कोणाची? अल्लाहयारी याला सरळ डिजिटल वसाहतवाद म्हणते. आठवी-नववीच्या मुलांना हा प्रश्न टाकून बघा, इतिहासाचा तास रंगतो.

वर्गात करायचं असेल तर शाडूची वीतभर 'बसलेली माणसं' करून घ्या. एका गटाने एका मूर्तीभोवती फिरत मोबाइलने पन्नास-साठ फोटो काढावेत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराच भाग यायला हवा. मूर्ती हलवायची नाही, उन्हापेक्षा सावली बरी, आणि चकाकणारा रंग नको, त्याने ॲप गोंधळतं. या फोटोंवरून ॲप थ्रीडी आकृती तयार करून देतं. दुसऱ्या गटाला मात्र मूर्ती दाखवायचीच नाही. समोरून काढलेला एकच फोटो द्यायचा आणि त्यावरून शाडूत पूर्ण मूर्ती करायला सांगायची, पाठीसकट. पाठ कशी केली आणि कशावरून, हे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. मग तिन्ही शेजारी ठेवा: मूळ मूर्ती, मोबाइलवरची आकृती आणि दुसऱ्या गटाची मूर्ती. शाळेत प्रिंटर नसला तरी काही अडत नाही.