अष्टावधानी यंत्र

एकाच वेळी आठ गोष्टींकडे अवधान ठेवणाऱ्यास आपण अष्टावधानी म्हणतो. प्रत्येक घरी अशी एक अष्टावधानी असते. ती म्हणजे आई. शेगडीवर दूध ठेवले म्हणून ती त्यापुढे खिळून उभी राहत नाही. भाकरी थापता थापता ती दुधाकडे वारंवार दृष्टी टाकते, आणि दारावर थाप पडताच हातचे काम क्षणभर बाजूस ठेवते. ही कला यंत्रास शिकविता येईल काय, हा प्रश्न शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाच्या वेळी आमच्यापुढे अकस्मात उभा राहिला.

आमचे सचिन सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. येथील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची खडखड चालते आणि खानदेशातून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा चरितार्थ तीवर अवलंबून आहे. म्हणून आम्ही मागाचीच प्रतिकृती केली. पुठ्ठ्याचा माग, धोटा हलविणारी लहान मोटर, एक दिवा आणि माग थांबविण्याचे बटन. या साऱ्यांवर हुकमत होती ‘आर्डुइनो ऊनो’ या फलकावरील मायक्रोकंट्रोलरची, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रकाची. त्याचे घड्याळ एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके देते.

आम्ही त्यास दिलेल्या आज्ञा अशा होत्या : मोटर चालू कर, दिवा लाव, ५ सेकंद थांब, दिवा विझव, ५ सेकंद थांब, बटन पाहा, दाबलेले असल्यास मोटर बंद कर, नसल्यास पुन्हा दिवा लाव. प्रदर्शनात एका लहान मुलाने बटन दाबले आणि सोडले. धोटा फिरतच राहिला! त्याने पुन्हा दाबले, तरीही तेच. तेव्हा, ज्याचे वडील मागावर काम करतात असा आमचा एक सोबती हळूच म्हणाला, “खऱ्या मागात कोणाचा हात असता तर?” आमच्यापैकी कोणासही उत्तर सुचले नाही.

दोष बटनाचा नव्हता. ‘थांब’ ही आज्ञा मिळाली की नियंत्रक केवळ वेळ मोजत बसतो. मोटर मात्र आधीच्या आज्ञेप्रमाणे फिरत राहते. दहा सेकंदांतून एकदाच, निमिषमात्र, तो बटनाकडे पाही. मधल्या काळात दाबून सोडलेले बटन त्याच्या लेखी दाबलेलेच नव्हते. माग मिनिटास १२० आडवे धागे टाकतो असे धरले, तर दहा सेकंदांत २० धागे विणले जातील. आणि हात सापडण्यास एक फेरा पुरतो.

यावर पहिला उपाय आईचा. नियंत्रकाने थांबू नये, घड्याळ पाहावे. दिवा लावताना वेळ टिपून ठेवावी आणि पुढे जावे. प्रत्येक फेरीत दोनच प्रश्न विचारावेत : “बटन दाबले आहे काय? पाच सेकंद झाले काय?” नसल्यास पुन्हा फेरी. अशी एक फेरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते. म्हणजे बटनाकडे सेकंदात हजारो वेळा लक्ष जाते.

दुसरा उपाय दारावरील थापेचा. यास इंटरप्ट, अर्थात व्यत्यय, म्हणतात. ऊनोच्या २ किंवा ३ क्रमांकाच्या टोकास बटन जोडून तशी आज्ञा दिली, तर बटन दाबताच नियंत्रक हातचे काम तेथेच ठेवतो, नेमून दिलेले छोटे काम करतो आणि पुन्हा पूर्वस्थळी येतो. हे काम अगदी थोडके असावे. दार उघडावयास गेलेल्या आईने तेथेच गप्पा मांडल्या, तर दूध उतू जाणारच.

आणखी एक खोडी ध्यानी आली. बटनातील धातूचे तुकडे एकमेकांवर आदळून काही सहस्रांश सेकंद थरथरतात; त्यामुळे एकदा दाबलेले बटन तीनचार वेळा दाबल्यासारखे मोजले जाते. म्हणून माग सुरू करताना २० सहस्रांश सेकंद संकेत स्थिर राहील तेव्हाच तो खरा मानावा असे आम्ही ठरविले. थांबविताना मात्र पहिला स्पर्शच पुरे. चालविण्यास विचार करावा. थांबविण्यास करू नये.

तथापि सर्वांत मोठा धडा याहून निराळा आहे. आज्ञावली कितीही सावध असली तरी ती मनुष्याने लिहिलेली, म्हणून चुकू शकणारी. ज्यावर जीव अवलंबून आहे ते बटन केवळ तिच्या भरवशावर सोडू नये. कारखान्यातील यंत्रांवर पिवळ्या पार्श्वभूमीवर तांबडे, छत्रीसारखे बटन असते. ते नियंत्रकाची अनुमती न विचारता यंत्राची शक्तीच तोडते, आणि मुद्दाम सोडविल्यावाचून पूर्ववत होत नाही. आमच्या प्रतिकृतीतही आता मोटरच्या तारेतच असे दुसरे बटन बसविले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र बनविताना ते किती वेगाने धावते हे अवश्य पाहा. पण त्याआधी ते हाक मारताच थांबते काय, हे पाहा. मागापाशी उभा असलेला माणूस बहुधा आपल्याच घरचा असतो.