घरबसल्या बाजार आणि न दिसणारा ग्राहक

‘ग्राहक हा बाजारपेठेचा राजा’ हे वाक्य वाणिज्याच्या पुस्तकांतून आपण नेहमी वाचतो. आपल्या भोर-वेल्ह्याच्या आठवडे बाजारात हा राजा तांदूळ कसा घेतो? मूठभर दाणे तळहातावर घेऊन तो वास घेतो, दाणा दाताखाली धरतो, कणी किती आहे ते पाहतो आणि मगच भाव विचारतो. विक्रेताही ‘नवा आहे, पाणी बेताने घाला’ असे बजावतो. या दोन मिनिटांत ग्राहकाची पारख आणि विक्रेत्याची जबाबदारी दोन्ही पार पडतात.

ऑनलाइन विक्रीत नेमकी हीच दोन मिनिटे नाहीशी होतात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेली इंद्रायणी ही भाताची जात १९८७ साली प्रसारित झाली. सुवास आणि मऊ, चिकटसर भात हे तिचे गुण होत. परंतु मोकळ्या भाताची सवय असलेल्या ग्राहकास हाच गुण दोष वाटतो. माल अस्सल असूनही तक्रार येते. कारण विक्रेत्यास माल समजला, ग्राहक समजला नाही. म्हणून हात आणि नाक जे सांगत होते ते आता शब्दांनी सांगावयास हवे : तांदूळ नवा की जुना, हातसडीचा की गिरणीचा, पाणी किती घालावे, परतीची अट काय.

गरज आधी जाणून घेण्याची ही दृष्टी महाराष्ट्रास नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांची यादी आधी घेऊन मग एकत्रित खरेदी करण्याची पद्धत रुजविली.

कायदाही याच दिशेने गेला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यास ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहिता येत नाही, वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देता येत नाही आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

तथापि नियम हा शेवटचा उपाय होय. बाजारात फसलेला ग्राहक पुढच्या आठवड्यात जाब विचारावयास येतो; ऑनलाइन ग्राहक बहुधा न बोलता दुसरीकडे वळतो. तेव्हा पिशवी पाठविण्यापूर्वीच ‘भात मऊ हवा की मोकळा?’ असे विचारावे. उत्तर ‘मोकळा’ आले, तर ‘आमचा नवा इंद्रायणी आपल्यासाठी नाही’ असे सांगण्याचे धैर्य ठेवावे. त्यात एक विक्री बुडेल, पण शब्दावरचा विश्वास राहील. आणि न दिसणाऱ्या ग्राहकाशी जोडणारा तेवढा एकच धागा आहे.