माना ते न्यूयॉर्क : हिशेब तासांचा

तात्यापारा असो की चौबे कॉलनी, रायपूरच्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत. आई-वडील तिकडे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला, "किती तासांचं विमान?" याचं खरं उत्तर आम्हा नवरा-बायकोला दिल्ली विमानतळाच्या खुर्च्यांवर मिळालं.

जानेवारी होता. एजंटाने स्वस्त पडतं म्हणून रायपूर-दिल्ली आणि दिल्ली-न्यूयॉर्क अशी दोन वेगळी तिकिटं काढली होती. मध्ये चार तास. दिल्लीत धुकं दाटलं आणि रायपूरच्या माना विमानतळावर आमचं विमान खोळंबलं. आम्ही पोचलो तोवर पुढचं विमान गेलं होतं. तिकिटं वेगळी, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही नुसते गैरहजर. नवं तिकीट पदरचे पैसे घालून घ्यावं लागलं.

रायपूरहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे 12,700 किलोमीटर. दिल्लीमार्गे गेलं तरी अंतर जवळपास तेवढंच, कारण दिल्ली त्याच वाटेवर पडते. मुंबईमार्गे मात्र सुमारे 800 किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाचा तासभर. तरीही डिसेंबरअखेर आणि जानेवारीत मी मुंबईच सुचवेन. तासभर वाढतो, पण धुक्याची धास्ती नाही. दिल्लीच हवी असेल तर रायपूरहून दुपारचं विमान घ्या. धुकं सहसा उत्तररात्री ते सकाळी दाट असतं.

दिल्ली-न्यूयॉर्क थेट विमानाला साधारण पंधरा-सोळा तास लागतात. परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा वाचतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा पडू लागला. म्हणून तिकीट काढताना त्या दिवसाचं वेळापत्रक बघा, जुन्या प्रवाशाचा आकडा धरू नका. या उड्डाणाच्या वेळेत रायपूर-दिल्लीचे दोन तास, मधला थांबा, मानापर्यंतची वाट, तिकडची इमिग्रेशनची रांग मिळवा. घर ते घर एक दिवस सहज उलटतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री दीडचं विमान 13 तारखेचं असेल, तर विमानतळावर 12 च्या रात्रीच पोचायचं. वेळेच्या या फरकामुळे मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या, औषधं हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानात अधूनमधून चालत राहा.

आणि सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. पैसे देण्याआधी एजंटाला एवढंच विचारा, "पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढची सोय कोण करणार?" उत्तर गुळमुळीत आलं, तर ते तिकीट घेऊ नका.