जबड्यातील सिस्ट कोणत्या खात्यावर?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दातांच्या रोगांवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु विम्यासाठी जाणाऱ्या रुग्णालयाच्या कागदांवर रोगाच्या नावापुढे संकेतांक लिहावा लागतो, आणि तो लिहिणारा अनेकदा डॉक्टर नसतो. त्या कामाचा मी सध्या अभ्यास करीत आहे. मला तरी ते खतावणीसारखेच वाटते.

मराठीत आपण सरसकट गाठ म्हणतो, कन्नडमध्ये गंटु. सिस्ट मात्र आतून पेशींचे अस्तर असलेली, बहुधा द्रवाने भरलेली पिशवी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली, तरी दहावीचा वापर अजून चालू आहे. दहावीत दात घडविणाऱ्या ऊतींपासून, वाढीच्या ओघात झालेली सिस्ट के ०९.० या खाती पडते. दाताशी संबंध नसलेली, उदाहरणार्थ टाळूच्या पुढच्या भागातील नलिकेची सिस्ट, के ०९.१ खाली येते. मृत दाताच्या मुळाशी होणारी सिस्ट जबड्यात सर्वांत जास्त आढळते. पण ती दाहातून होते, म्हणून तिचे खातेच निराळे, के ०४.८.

आता खरी अडचण पाहा. वरच्या पुढच्या दातांच्या मुळांशी क्ष-किरण चित्रात काळी गोल छाया दिसली, तर ती नलिकेची की मुळाची? डॉक्टर दाताला थंड पदार्थ लावून किंवा विजेच्या सौम्य प्रवाहाने तो जिवंत आहे का ते पाहतात. दात जिवंत असेल, तर संशय नलिकेकडे वळतो. ही तपासणी टाळली, तर चांगल्या दाताचे रूट कॅनल व्हायचे आणि सिस्ट तशीच राहायची!

खालच्या अक्कलदाढेपाशी याहून मोठा पेच आहे. न उगवलेल्या दाताच्या मुकुटाला वेढणारी डेंटिजेरस सिस्ट आणि केराटोसिस्ट चित्रात सारख्याच दिसू शकतात. काढलेल्या अस्तराची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच निर्णय होतो. केराटोसिस्ट पुन्हा उद्भवण्याची खोड असलेली, त्यामुळे रुग्णाला पुढे कित्येक वर्षे तपासणीस बोलवावे लागते. २००५ साली संघटनेने तिला अर्बुदांत घातले होते. २०१७ साली परत सिस्टमध्ये आणले. आज दोघींचा संकेतांक के ०९.० हाच. म्हणजे खाते एक, पण जोखीम वेगळी. रोजकीर्दीतील नोंदीखाली आपण जसा तपशील लिहितो, तसे सिस्टचे पूर्ण नाव येथे लिहिलेच पाहिजे.

के ०९.९ म्हणजे ‘प्रकार न सांगितलेली’ सिस्ट. आपले उचंत खातेच. अहवाल येईपर्यंत ते ठीक. अहवाल आल्यावरही रक्कम तेथेच पडून असेल, तर तपासनीस विचारणारच. आणि उत्तर चित्र पाहून नव्हे, डॉक्टरांना लेखी विचारून द्यावयाचे असते.