घटक ६ : जुन्या संगणकातील मराठी मजकुराचे स्थलांतर

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, स्वनिम आणि स्वनांतर यांतील भेद तुम्ही यापूर्वी अभ्यासला आहे. उच्चारात प्रत्यक्ष ऐकू येणारा ध्वनी वेगळा आणि भाषिकाच्या मनात अर्थभेद करणारे एकक वेगळे, हे त्या विवेचनाचे सार होते. प्रस्तुत घटकात हीच दृष्टी आपण लेखनाला लावणार आहोत. त्यासाठी घेतलेले निमित्त मात्र अगदी घरगुती आहे : घरातील जुना संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी त्यातील फाईल दुसऱ्या संगणकावर नेणे.

हा विषय भाषेच्या अभ्यासक्रमात कशासाठी, अशी शंका तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. छायाचित्रे, गाणी, बँकेची विवरणपत्रे यांच्या बाबतीत हे काम केवळ उचलून ठेवण्याचे आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत ते तसे नाही. युनिकोड घरोघरी रुळण्यापूर्वी टंकलिखित झालेला बराचसा मराठी मजकूर अशा रीतीने साठवलेला आहे, की फाईल जशीच्या तशी नेली तरी तिच्यातील मराठी मागेच राहते.

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतील एक घर डोळ्यांसमोर आणा. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि महिन्याभरात सामान आवरून भाड्याच्या लहान जागेत जायचे आहे. कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या आजींनी २००२ ते २००८ या काळात त्यावर स्वतःच्या आठवणी, माहेरच्या जात्यावरच्या ओव्या आणि घराण्याची वंशावळ टंकलिखित करून ठेवली. आजी आता नाहीत. संगणक फॉरमॅट करून कोणाला तरी द्यायचा, असे ठरले. नातीने सर्व फाईल पेन ड्राइव्हवर घेतल्या, आपल्या लॅपटॉपवर उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि तिरप्या रेघा यांची अर्थहीन रांग. फाईल खराब झाल्या असे समजून तिने त्या रात्रीच जुना संगणक फॉरमॅट केला, तर आजींचे लेखन कायमचे दुरावण्याची शक्यता फार मोठी आहे. वस्तुतः त्या फाईलना काहीही झालेले नाही. हे घर कल्पिलेले आहे. परिस्थिती मात्र कल्पित नाही.

६.२ फाईलमध्ये नेमके काय असते?

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. कोणत्या अंकाला कोणते अक्षर मानायचे, याचा संकेत ठरलेला असावा लागतो. जुन्या संकेतव्यवस्थेत एका अक्षरासाठी एकच बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा उपलब्ध होत्या, आणि त्या रोमन लिपीने व इतर चिन्हांनी आधीच व्यापलेल्या होत्या. देवनागरीसाठी वेगळी जागा नसल्यामुळे फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक व्यवहारी तोड काढली. अंक रोमन अक्षराचाच ठेवायचा. फॉन्टमध्ये मात्र त्या अंकासमोर रोमन आकृतीऐवजी देवनागरी आकृती काढायची. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहिला. त्याला मराठीचे रूप दिले ते फॉन्टने.

कृतिदेव या फॉन्टचे उदाहरण पाहू. त्यात 'मराठी' हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठवला जातो. कृतिदेव असलेल्या संगणकावर 'मराठी' दिसेल, नसलेल्यावर ती पाच रोमन अक्षरे दिसतील. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, तसेच आकृती अशा इतर प्रणालींनी आपापली वाटणी वेगळी केली. म्हणून एका प्रणालीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीचा फॉन्ट लावून वाचता येत नाही. नुसता 'मराठी फॉन्ट' असून भागत नाही. तोच फॉन्ट लागतो.

भाषाभ्यासकाला याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. 'दिवस' हा शब्द कृतिदेवमध्ये कोणत्या क्रमाने साठवला जातो? प्रथम ऱ्हस्व वेलांटी, मग द, मग व, मग स. उच्चारात इकार दकारानंतर येतो, पण कागदावर वेलांटी डावीकडे असते, म्हणून ती आधी. 'धर्म' या शब्दात रफार म नंतर येतो, कारण तो म च्या डोक्यावर दिसतो. उच्चारात र हा म च्या आधी आहे. 'ध' तर एकसंध नाहीच : दंडाविना ध आणि त्याला जोडलेला दंड असे त्याचे दोन तुकडे आहेत, आणि तो दंड म्हणजे काना लिहिण्यासाठी वापरायचे तेच चिन्ह. ख, थ, भ यांचीही तीच गत. काना हे स्वरचिन्ह आणि ध चा दंड हा व्यंजनाच्या आकृतीचा भाग, हा भेद या व्यवस्थेला ठाऊकच नाही. छापखान्यातील जुळारी शिशाचे खिळे जसे दिसण्याच्या क्रमाने लावी, तसाच हा प्रकार आहे. मराठी टंकलेखन यंत्राचा वारसाही त्यात स्पष्ट दिसतो.

युनिकोडने याच्या उलट मार्ग स्वीकारला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. त्याची मांडणी इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. येथे साठवले जाते ते वर्णांच्या क्रमाने : 'दिवस' म्हणजे द, इकार, व, स, 'धर्म' म्हणजे ध, र, हलन्तचिन्ह, म. वेलांटी डावीकडे सरकवणे, र ला रफार करून म वर चढवणे, ही कामे पडद्यावर मजकूर दाखवताना फॉन्ट आणि संगणकप्रणाली करतात. वर्ण एका बाजूला, आकृती दुसऱ्या बाजूला. मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांना युनिकोडमध्ये एकच स्थान आहे. कोणता दिसेल ते फॉन्टवर अवलंबून. स्वनिम एक आणि स्वनांतरे दोन, या नात्याची येथे तुम्हाला आठवण व्हावी.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २०००पासून, मंगल या फॉन्टसह आली. एक्सपीमध्येही ती अनेकदा वेगळी सुरू करावी लागे. परिणामी त्या दशकात घरी किंवा डीटीपीच्या दुकानात मराठी लिहिणारी बहुतेक मंडळी जुन्याच फॉन्टवर राहिली.

दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील शतकापूर्वीचे जीर्ण पुस्तक वाचायला डोळे आणि उजेड पुरतो. वीस वर्षांपूर्वीची फाईल वाचायला मात्र ती फाईल, तो फॉन्ट आणि पुष्कळदा ती प्रणाली, अशी तिन्ही लागतात.

६.३ प्रत्यक्ष स्थलांतर

म्हणून पहिला नियम : जुना संगणक चालू आहे तोवर त्याच्यावरच पाहणी करा. जुन्या पडद्यावर मजकूर मराठीत दिसत असताना त्याचा फॉन्ट कोणता, हे कागदावर टिपून ठेवा. वर्डच्या फाईलमध्ये मजकूर निवडला की फॉन्टचे नाव वरच्या चौकटीत दिसते, आणि नव्या संगणकावर फॉन्ट नसला तरी ते नाव फाईलसोबत टिकते. नोटपॅडच्या साध्या फाईलमध्ये मात्र फॉन्टचे नाव साठवलेच जात नाही. तेथे तुमची टिपणी हाच एकमेव पुरावा. त्यानंतर विंडोजमधील फॉन्ट्स या फोल्डरातून ते फॉन्ट फाईलच्या बरोबरीने पेन ड्राइव्हवर घ्या. ज्या प्रणालीसोबत ते आले तिचा परवाना आणि सीडी घरात असेल तर तीही रद्दीत घालू नका.

फाईल केवळ माय डॉक्युमेंट्समध्ये असतात असे गृहीत धरू नये. डेस्कटॉप, डी ड्राइव्ह आणि लेखनप्रणालीचे स्वतःचे फोल्डर ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. फाईल कॉपी कराव्या, कट करू नयेत. वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह मध्येच निघाला तर मूळ जागच्या जागी राहिले पाहिजे. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाईल मावत नाही. मजकुराला ही मर्यादा कधी जाचत नाही, लग्नाच्या चित्रफितीला जाचते. एक्सपीचा संगणक आणि नवा लॅपटॉप केबलने जोडून फाईल पाठवण्याचा प्रयत्न अनेकदा फसतो, कारण फाईल वाटून घेण्याची जुनी पद्धत नव्या विंडोजमध्ये सुरक्षिततेसाठी बंद ठेवलेली असते. त्यात वेळ घालवण्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा. संगणक सुरूच होत नसेल, तर त्याची हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावता येते. ही जोडणी लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. मात्र घेताना डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलची आहे की नव्या अरुंद केबलची, ते पाहून जा.

पेजमेकरमध्ये मांडणी केलेल्या फाईल वेगळ्या वर्गात मोडतात. या प्रणालीची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे. नव्या संगणकावर तशा फाईल उघडणे कष्टाचे, म्हणून त्या जुन्याच संगणकावर उघडून पीडीएफ करून घ्याव्या. फॉन्ट आत सामावून घेतलेल्या पीडीएफमध्ये आकृत्या जशाच्या तशा टिकतात; शब्द शोधता आला नाही तरी वाचता तरी येतो. काही जुन्या प्रणाली संगणकामागे लावायच्या छोट्या कुलपाशिवाय चालत नाहीत. ते काय आहे हे न समजून आवराआवरीत फेकले जाते.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडील फाईलची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा, दुसरी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि नव्या संगणकावर फॉन्ट बसवून निदान दहा फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचा. हे होईपर्यंत फॉरमॅटचा विचार नको. माझे मत विचाराल तर जुनी डिस्क फॉरमॅट करण्याऐवजी काढून कपाटात ठेवावी आणि संगणक देताना त्यात दुसरी डिस्क घालून द्यावी.

६.४ युनिकोडमध्ये परिवर्तन आणि मुद्रितशोधन

फॉन्ट सोबत नेल्याने मजकूर वाचता येतो, परंतु त्यात शोध घेता येत नाही, तो मोबाइलवर पाठवता येत नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये परिवर्तन आवश्यक आहे. परिवर्तक प्रणाली मूळ फॉन्टनुसार निवडावी लागते आणि काम नेहमी प्रतीवर करावे. वेलांटी व रफार यांची जागा बदलण्याचे काम प्रणाली करते. उरते ते मुद्रितशोधन, आणि ते तुमच्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यानेच करावे असे आहे. फॉन्ट न पाहता सरसकट चालणारा परिवर्तक मजकुरातील खरी इंग्रजी नावेही देवनागरीत लोटून देतो. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या परिवर्तकात अर्धा ऱ कधी कधी रफार होऊन बसतो. मराठीत त्याने अर्थ बदलतो : 'आचार्यांना जेवण दिले' आणि 'आचाऱ्यांना जेवण दिले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, 'दर्या' हा समुद्र, तर 'दऱ्या' डोंगरातल्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते अ वर चंद्र देऊन किंवा हिंदीच्या वळणाने 'ऍ' असे लिहिलेले आढळते, आणि डोळ्याला एकच वाटणारा शब्द शोधताना सापडत नाही.

पडद्यावर काय दिसते त्यावरून निदान करायला शिका. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर सुरक्षित आहे, फॉन्ट नाही. रिकाम्या चौकटी दिसल्या, तरीही बहुधा फॉन्टचाच अभाव. मात्र प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले, तर युनिकोड मजकूर कोणीतरी जुन्या एकबाइटी पद्धतीने साठवला आहे. अंकच बदलले गेले आहेत आणि त्या फाईलमधून मूळ मजकूर परत मिळत नाही. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी फाईल साठवताना हे घडत असे. २०१९पासूनच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ ही पद्धत आपोआप निवडलेली असते. जुन्या संगणकावर ती स्वतः निवडावी लागते.

६.५ स्वाध्याय

१. 'किल्ला', 'वर्षा', 'भिंत' आणि 'सुऱ्या' हे शब्द वर्णक्रमाने कसे साठवले जातील आणि दिसण्याच्या क्रमाने कसे, ते दोन रकान्यांत लिहा. कोणत्या शब्दात दोन्ही क्रमांत भेद पडत नाही, ते सकारण सांगा.

२. आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी २०१० पूर्वीची एखादी मराठी फाईल असल्यास ती मिळवा. तिचा फॉन्ट ओळखा, एका पानाचे युनिकोडमध्ये परिवर्तन करा आणि मूळ छापील प्रत किंवा जुना पडदा समोर ठेवून आढळलेल्या प्रत्येक चुकीचे कारण लिहा. फाईल दुसऱ्याच्या लेखनाची असेल, तर संपर्कसत्रात ती दाखवण्यापूर्वी त्या व्यक्तीची किंवा कुटुंबीयांची अनुमती घ्यावी.