पाणी फिरायच्या आत फिरा: कयाक फेरीचा पहिला पाठ



वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. आता आपले काही गटही कयाक शिकतायत. वल्हं मारणं सरावाने जमतं. खरी परीक्षा आहे ती वेळ ठरवण्याची.

मागच्या महिन्यात मी चार ताईंना सरावाला घेऊन गेले. कालवं काढणाऱ्या मावशी काठावरून ओरडल्या, "पाणी उतरतंय गो, फिरा आता!" मी फोटो काढत राहिले. तासाभरात कयाक चिखलात रुतल्या. पाणी परत चढेपर्यंत चार तास उन्हात बसलो. सोबत पर्यटकांची लहान मुलं असती तर? चूक माझीच होती, म्हणून हा पाठ.

१. वेळ कशी ठरवायची?
भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या सुमारास भरती. जागेप्रमाणे फरक पडतो, म्हणून बुकिंग घेताना भरतीचा तक्ता बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोरात असते. नवख्या पाहुण्यांना अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती बरी.
नियम एकच: पाणी चढताना निघा, खाडी भरली की परत फिरा. चढत्या पाण्यात रुतलात तरी पाणीच तुम्हाला उचलतं.

२. काय दाखवायचं?
सुरुवातीला चिखल उघडा असतो. तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं, उड्या मारणारे निवटे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे दाखवा. पाणी चढलं की कांदळाच्या लोंबत्या शेंगा हाताशी येतात. त्याचं बी झाडावरच रुजतं. तिवराच्या पानावर मीठ दिसतं. पांढरी चिपी २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे, हेही सांगा. गेव्याची फांदी मात्र कुणाला तोडू देऊ नका, चीक डोळ्यांना घातक असतो. खंड्या, बगळा दिसला की वल्हं थांबवा, लांबूनच बघा.

३. निघण्यापूर्वी
प्रत्येकीच्या अंगात लाइफ जॅकेट, प्रत्येकीकडे पिण्याचं पाणी, आणि परतीची वेळ काठावरच्या एका ताईला सांगितलेली.

बैठकीत करायचं काम: पंधरा दिवस भरती-ओहोटीच्या वेळा वहीत लिहा. आणि गावातल्या कालवं काढणाऱ्या मावशींना प्रशिक्षक म्हणून बोलवा, त्यांचं मानधन ठरावात लिहा. खाडी त्यांना पाठ आहे. मी पदवी घेऊन आले, तरी त्या दिवशी बरोबर त्याच होत्या.